डेटाबेसमधला बदल वेळेवर कळण्यासाठी: आधी पोलिंग पक्कं करा, मग पुश जोडा

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारातलं एक मोठं किराणा दुकान धरा. गोदाम फोंड्याला, एक शाखा म्हापशाला, एक वाळपईला. गिऱ्हाईक फोनवर किंवा अ‍ॅपवर ऑर्डर देतं, ती सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एका टेबलातली नवी ओळ म्हणून नोंदली जाते आणि गोदामातल्या पॅकिंगच्या पडद्यावर दिसली की मुलं सामान भरायला घेतात. चवथीच्या आधीच्या आठवड्यात नारळ, गूळ, रवा, तूप अशा ऑर्डरींची रीघ लागते. टेबलात नवी ओळ आली आहे हे पडद्याला कळणार कसं?

दोन वाटा आहेत. पडद्याने दर काही सेकंदांनी डेटाबेसला ‘नवीन काही आहे का?’ असं विचारायचं, हे पोलिंग. किंवा बदल झाला की डेटाबेसनेच हाक मारायची, हा पुश. पुश आधुनिक आणि पोलिंग मागासलेलं, असं बहुतेक चर्चांमध्ये गृहीतच धरलेलं असतं. माझं मत वेगळं आहे आणि ते मी ठामपणे मांडतो: अचूकपणा पोलिंगमधून येतो, वेग पुशमधून. म्हणून आधी पोलिंग असं बांधा की एकही बदल निसटणार नाही, आणि मग त्याला लवकर जागं करण्यापुरता पुश जोडा. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो तेव्हा भोंग्यातून पाव मिळत नाहीत, पाव आल्याचं तेवढं कळतं. पुश सूचनेकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवा.

खालच्या पायऱ्या पोस्टग्रेस धरून लिहिल्या आहेत. बाकीच्या डेटाबेसांचं थोडक्यात शेवटाकडे.

पायरी १: किती उशीर चालेल ते आधी लिहून काढा

हे काम कागदावरच करा आणि दुकानदाराला शेजारी बसवून करा. पॅकिंगच्या पडद्याला ऑर्डर चार-पाच सेकंदांत दिसली तरी पुरेसं आहे. शाखांमधल्या दरफलकाला एक-दोन मिनिटं उशीर चालतो. हिशेबाच्या अहवालाला रात्री एकदा बघितलं तरी भागतं. प्रत्येकापुढे दुसरा प्रश्नही लिहा: एखादा बदल कधीच कळला नाही तर काय होईल? दरफलकावरचा चुकलेला बदल पुढच्या बदलाबरोबर झाकला जातो. चुकलेली ऑर्डर म्हणजे चवथीच्या दिवशी घरात सामान नाही. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढची रचना ठरते, पहिल्याच्या उत्तरावर फक्त वेग.

पायरी २: पोलिंगचा खर्च मोजा

तीन ठिकाणी मिळून १२ पडदे आहेत आणि प्रत्येक पडदा दर ५ सेकंदांनी विचारतो असं धरू. दिवसाला १२ गुणिले १७,२८० म्हणजे २,०७,३६० क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) झाल्या. आकडा मोठा दिसतो, पण सेकंदाला तो तीनपेक्षाही कमी भरतो. योग्य कॉलमवर इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) असेल तर साध्या सर्व्हरवरच्या पोस्टग्रेसला हा भार जाणवतही नाही. दर सेकंदाला विचारलं तरी दिवसाच्या १०,३६,८०० क्वेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२. तेही चालतं. ५ सेकंदांच्या अंतराने सरासरी उशीर अडीच सेकंदांचा आणि जास्तीत जास्त पाचाचा.

तेव्हा तुमची गरज इथेच भागत असेल तर पुश जोडूच नका. जो भाग बसवलाच नाही तो पावसात बंदही पडत नाही. पडदे शेकड्यांत असतील, मोबाइलची बॅटरी वाचवायची असेल किंवा सेकंदभराचाही उशीर खपत नसेल, तेव्हाच पुढची मेहनत करा. पायऱ्या ३ ते ५ मात्र सगळ्यांसाठी आहेत.

पायरी ३: ‘कुठपर्यंत वाचलं’ ही खूण नीट निवडा

बहुतेक पोलिंग इथे फसतं, आणि फसल्याचं कुणाला कळतही नाही.

सहसा टेबलाला ‘बदलल्याची वेळ’ असा एक कॉलम देतात आणि दर खेपेला मागच्या वेळेनंतरच्या ओळी मागतात. नाहीतर वाढता क्रमांक वापरतात: शेवटचा क्रमांक ५०० पाहिला होता, आता ५००च्या पुढचे द्या. दोन्हींत एकच खोट आहे. क्रमांक आणि वेळ ओळ लिहिताना ठरतात, पण ओळ इतरांना दिसते ती तिचं ट्रान्झॅक्शन (एकत्र लिहायच्या बदलांचा गठ्ठा) कमिट, म्हणजे पक्कं, झाल्यावर.

ऑर्डर क नोंदवायला १०:००:०० वाजता सुरुवात झाली आणि तिला ५०१ क्रमांक मिळाला. वाळपईहून येणारी लाइन मंद आहे, म्हणून तिचं ट्रान्झॅक्शन १०:००:०९ पर्यंत रेंगाळलं. मधेच १०:००:०३ ला म्हापशाची ऑर्डर ख सुरू झाली, तिला ५०२ मिळाला आणि ती १०:००:०४ ला कमिट होऊन मोकळी झाली. पडद्याने १०:००:०५ ला विचारलं तेव्हा त्याला फक्त ५०२ दिसली, आणि त्याने खूण ५०२ वर नेली. १०:००:१० ला तो ५०२च्या पुढचं मागतो. ५०१ आता टेबलात व्यवस्थित आहे, पण हा पडदा ती कधीच मागणार नाही. कुठे एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. वाळपईच्या माणसाचं सामान तेवढं निघत नाही.

वेळेच्या कॉलमनेही हेच होतं. पोस्टग्रेसचं ‘नाऊ’ फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, ते कितीही लांबलं तरी. त्याऐवजी घड्याळाची खरी वेळ देणारं ‘क्लॉक_टाइमस्टँप’ वापरलं तर फट अरुंद होते, बुजत नाही. लिहिणं आणि कमिट यांमधलं अंतर उरतंच.

यावर तीन उपाय आहेत.

पहिला, मागे सरकून वाचणं. खुणेच्या वेळेआधीची दोन मिनिटंही दर खेपेला पुन्हा मागा आणि आधी पाहिलेल्या ओळी त्यांच्या क्रमांकावरून गाळा. कुठल्याही डेटाबेसवर हे करता येतं. अट एवढीच की कुठलंही ट्रान्झॅक्शन त्या दोन मिनिटांपेक्षा लांबता कामा नये, आणि ती अट डेटाबेसकडूनच पाळून घ्यावी. पोस्टग्रेस १७ पासून ‘ट्रान्झॅक्शन_टाइमआउट’ ही सेटिंग आहे. त्याआधीच्या आवृत्तीत ‘स्टेटमेंट_टाइमआउट’ आणि ‘आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट’ या दोन्ही लावा. त्यांनी संपूर्ण ट्रान्झॅक्शनवर कडक मर्यादा येत नाही, पण अडकून पडलेली बहुतेक ट्रान्झॅक्शनं त्यात सापडतात.

दुसरा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण त्यात अंदाजाला जागाच नाही. पोस्टग्रेस लिहिणाऱ्या प्रत्येक ट्रान्झॅक्शनला क्रमांक देतं. आवृत्ती १३ पासून तो ‘पीजी_करंट_झॅक्ट_आयडी’ या फंक्शनने मिळतो आणि ‘एक्सआयडी८’ या प्रकारच्या कॉलममध्ये ठेवता येतो. ऑर्डरींच्या टेबलाला असा एक कॉलम द्या. नवी ओळ पडताना आणि ओळ बदलताना ट्रिगरने (बदल झाला की डेटाबेस आपोआप चालवतो त्या कोडने) त्यात चालू क्रमांक भरा. कॉलमवर इंडेक्स करा. मग वाचण्याच्या प्रत्येक फेरीत एवढंच:

१. आधी सीमा विचारा. ‘पीजी_करंट_स्नॅपशॉट’ने मिळालेला स्नॅपशॉट (त्या क्षणी कोणती ट्रान्झॅक्शनं चालू आहेत त्याचं चित्र) ‘पीजी_स्नॅपशॉट_एक्समिन’ला दिला की अजून चालू असलेल्या ट्रान्झॅक्शनांपैकी सर्वांत लहान क्रमांक मिळतो. त्याच्या खालची सगळी ट्रान्झॅक्शनं संपलेली आहेत, कमिट होऊन किंवा रद्द होऊन.

२. ज्यांचा क्रमांक मागच्या सीमेइतका किंवा त्याहून मोठा, पण आताच्या सीमेपेक्षा लहान आहे, अशा ओळी वाचा.

३. त्या ओळी पडद्यावर चढल्यानंतर आताची सीमा नवी खूण म्हणून साठवा. आधी साठवू नका. मधेच वीज गेली तर त्याच ओळी पुन्हा वाचल्या जाव्यात, सुटू नयेत.

वरच्या उदाहरणात ऑर्डर क चालू असेपर्यंत सीमा तिच्यापाशीच थांबते. ख थोडी उशिरा दिसते, पण क निसटत नाही. किंमत म्हणजे एखादं लिहिणारं ट्रान्झॅक्शन लांबलं की सगळ्यांचं वाचन खोळंबतं; ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून पेमेंटच्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही, हा नियम त्यामुळे आपोआप गळी उतरतो. एक काळजी अवश्य घ्या. डेटाबेसचा डंप (सगळ्या माहितीची नक्कल) घेऊन तो नव्या सर्व्हरवर चढवला तर तिथले ट्रान्झॅक्शन क्रमांक वेगळे असतात. जुन्या ओळींतला कॉलम तिथे नव्याने भरा आणि सगळ्या वाचकांच्या खुणा पुसून त्यांना एकदा सगळं वाचू द्या.

तिसरा उपाय खूणच न ठेवण्याचा. गिऱ्हाइकाला एसएमएस पाठवण्यासारखं काम असेल, जे कुणीतरी एकानेच करायचं आहे, तर कामांचं वेगळं टेबल करा, त्यात ‘झालं की नाही’ हा कॉलम ठेवा आणि न झालेली कामं उचला. उशिरा कमिट झालेली ओळही ‘न झालेली’ म्हणूनच दिसते, त्यामुळे निसटायचा प्रश्न नाही. दोन प्रोसेस एकाच कामावर पडू नयेत म्हणून ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ वापरा, पोस्टग्रेस ९.५ पासून ही सोय आहे.

तर, अनेक वाचक आणि प्रत्येकाची स्वतंत्र खूण असेल तिथे दुसरा उपाय. काम एकदाच व्हायचं असेल तिथे तिसरा. जुना डेटाबेस, हात लावायची मुभा कमी, तिथे पहिला.

पायरी ४: ओळी पुसू नका

पुसलेली ओळ पोलिंगला दिसत नाही, कारण दिसायला ती राहिलेलीच नसते. ऑर्डर रद्द झाली तर ओळीची स्थिती ‘रद्द’ करा. तो बदल म्हणून इतर बदलांसारखाच वाचला जाईल. पुसणं टाळताच येत नसेल तर ट्रिगरने एका नोंदवहीच्या टेबलात ‘अमुक क्रमांकाची ओळ गेली’ अशी ओळ लिहा आणि तिचंही पोलिंग करा.

पायरी ५: तीच ओळ दोनदा आली तरी बिघडता कामा नये

वरच्या रचनेत ओळ सुटत नाही, पण क्वचित पुन्हा येते. म्हणून पडद्याने ‘यादीत एक ऑर्डर वाढवा’ असं न करता ‘५०१ क्रमांकाची ऑर्डर आता अशी आहे’ असं करावं. आधी असेल तर बदलेल, नसेल तर येईल.

पायरी ६: आता पुश जोडा

पोस्टग्रेसमध्ये ‘लिसन’ आणि ‘नोटिफाय’ या दोन आज्ञा आहेत. ऐकणाऱ्याने एका चॅनेलवर ‘लिसन’ करायचं. बदल करणाऱ्याने त्याच चॅनेलवर ‘नोटिफाय’. ऑर्डरींच्या टेबलावर नवी ओळ किंवा बदल झाल्यानंतर चालणारा ट्रिगर लावा आणि त्यात ‘पीजी_नोटिफाय’ बोलवा. ट्रिगर ओळीमागे न ठेवता स्टेटमेंटमागे एकदा ठेवा. एका फटक्यात ३०० दर बदलले तर ३०० सूचनांची गरज नाही.

सूचनेच्या वर्तनातल्या काही गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. ती कमिटलाच सुटते. ट्रान्झॅक्शन रद्द झालं तर सूचनाही जाते. एकाच ट्रान्झॅक्शनमधल्या हुबेहूब सूचना एकच होऊन पोचतात. काही गोष्टी विरुद्ध बाजूच्या आहेत. सूचना साठवून ठेवली जात नाही. त्या क्षणी ऐकणारा जोडलेला नसेल तर ती त्याच्यापुरती संपली. मजकुराला जागाही कमी, नेहमीच्या सेटिंगमध्ये ८००० बाइटांच्या आत. ऑर्डरचा तपशील सूचनेतूनच पाठवण्याचा मोह इथेच होतो. तो टाळा. मजकूर रिकामा ठेवा. सूचना आली की पायरी ३ ची फेरी चालवा. सूचना हरवली तरी माहिती टेबलात आहे, आणि सूचना दोनदा आली तरी दुसरी फेरी रिकामी जाईल, इतकंच.

ऐकणाऱ्या प्रोग्रॅमचा क्रम असा ठेवा. जोडणी करा. ‘लिसन’ करा. मग लगेच एक वाचन-फेरी चालवा. त्यानंतर सूचनेची वाट पाहा, पण जास्तीत जास्त ३० सेकंद. सूचना येवो किंवा ३० सेकंद संपोत, पुन्हा फेरी. जोडणी तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. यातला ‘आधी लिसन, मग फेरी’ हा क्रम उलटा करू नका. आधी वाचून मग ऐकायला बसलात तर मधल्या क्षणात झालेला बदल वाचनातही नसतो आणि सूचनेतही नसतो.

पायरी ३ चा दुसरा उपाय वापरत असाल तर आणखी एक बारकावा सांभाळा. ख कमिट झाली, सूचना आली, पण क अजून चालू असल्याने सीमा पुढे सरकलेली नाही. फेरी रिकामी जाते. क जर दुसऱ्याच टेबलावर लिहीत असेल तर ती संपल्यावर आपल्या चॅनेलवर सूचना येणार नाही, आणि ख पुढच्या ३० सेकंदांच्या फेरीपर्यंत अडकेल. म्हणून फेरीच्या शेवटी सीमेच्या पलीकडे काही ओळी दिसतात का ते बघा. दिसत असतील तर ३० सेकंदांऐवजी एका सेकंदात परत या.

जोडणीबद्दलही सांगायला हवं. पीजीबाउन्सर हे जोडण्या वाटून वापरणारं साधन ट्रान्झॅक्शन पद्धतीने चालवत असाल तर ‘लिसन’ त्यातून चालत नाही. ऐकणाऱ्याला थेट डेटाबेसशी जोडणी द्या. प्रत्येक पडद्याला वेगळी जोडणी मात्र देऊ नका. पोस्टग्रेसची जोडण्यांची मूळ मर्यादा १०० आहे. सर्व्हरवर एकच ऐकणारा असावा आणि त्याने पडद्यांना पुढे कळवावं.

पायरी ७: पडद्यापर्यंतचा शेवटचा टप्पा

सर्व्हरकडून ब्राउझरकडे कळवायला सर्व्हर-सेंट इव्हेंट्स पुरतात. वेबसॉकेट दोन्ही दिशांनी बोलायचं असेल तरच घ्या. सर्व्हर-सेंट इव्हेंट्समध्ये प्रत्येक संदेशाला ओळख देता येते. तिथे आपली सीमा लिहा. जोडणी तुटून पुन्हा लागली की ब्राउझर शेवटची ओळख स्वतःहून परत पाठवतो, आणि सर्व्हर तिथून पुढचं देतो. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका पत्त्याशी साधारण सहाच जोडण्या ठेवतो. एकाच संगणकावर बरेच टॅब उघडे राहणार असतील तर एचटीटीपी २ वापरा.

डिलिव्हरीवाल्याच्या मोबाइलवर जाणारी पुश सूचनाही इशाराच आहे. बॅटरी वाचवण्यासाठी फोन ती रोखून धरू शकतो. अ‍ॅप उघडताक्षणी त्याने स्वतः फेरी मारलीच पाहिजे.

पायरी ८: पावसाळ्याची तयारी

जूनपासून सत्तरीत आणि धारबांदोड्याच्या बाजूला वीज आणि इंटरनेट दोन्हींची ये-जा सुरू होते. जोडणी अधिकृतपणे न तुटता मुकी होते, हा त्यातला वाईट प्रकार: ऐकणारा शांत बसलेला असतो, त्याला वाटतं बदलच नाहीत. लिनक्सवर टीसीपीची मूळ सेटिंग अशी जोडणी तपासायला सुरुवात करण्याआधी ७,२०० सेकंद, म्हणजे दोन तास थांबते. पोस्टग्रेसच्या जोडणीत ‘कीपअलाइव्ह्ज_आयडल’ ३०, ‘कीपअलाइव्ह्ज_इंटरव्हल’ १० आणि ‘कीपअलाइव्ह्ज_काउंट’ ३ ठेवा. मिनिटाभरात छडा लागतो. फेरीच्या क्वेरीलाही टाइमआउट द्या. पुन्हा जोडताना प्रत्येक पडद्याने थोडं यादृच्छिक अंतर ठेवून प्रयत्न करावा, नाहीतर वीज आली की सगळे एकाच क्षणी सर्व्हरवर धडकतात. आणि पडद्याच्या कोपऱ्यात ‘शेवटची तपासणी १०:४२’ असं ठळक दाखवा. गोदामातल्या माणसाला यादी ताजी आहे की शिळी हे कळण्याचा हक्क आहे.

पुश कुठे वापरू नये

‘नोटिफाय’ असलेली ट्रान्झॅक्शनं कमिटच्या वेळी एका लॉकमुळे एकामागून एक जातात. सेकंदाला शेकडो लेखनं होणाऱ्या टेबलावर, उदाहरणार्थ डिलिव्हरी गाड्यांच्या ठिकाणांवर, तो ट्रिगर लावला तर सगळं लेखनच मंदावेल. तिथे निव्वळ पोलिंग ठेवा. दुसरं, सूचनांची रांग नेहमीच्या बांधणीत ८ जीबीची असते. ऐकणाऱ्याने ट्रान्झॅक्शन उघडं ठेवलं तर ती साफ होत नाही, आणि भरली की ‘नोटिफाय’वाली ट्रान्झॅक्शनं कमिटलाच अपयशी ठरतात. ‘पीजी_नोटिफिकेशन_क्यू_युसेज’वर नजर ठेवा.

बाकीचे डेटाबेस थोडक्यात. मायएसक्यूएलमध्ये ‘लिसन’सारखी सोय नाही, पोलिंग करा किंवा बिनलॉग (बदलांची नोंदवही) वाचा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वेरी नोटिफिकेशन आहे, पण ती एकदा वाजली की पुन्हा नोंदवावी लागते. तिथे ‘रोव्हर्जन’ कॉलम आणि ‘मिन_अ‍ॅक्टिव्ह_रोव्हर्जन’ फंक्शन मिळून आपल्या सीमेचंच काम करतात. मोंगोडीबीच्या ३.६ आवृत्तीपासून चेंज स्ट्रीम्स आहेत. त्यांना रेप्लिका सेट (एकाच माहितीच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) लागतो, आणि त्यांचं टोकन जपून ठेवलं तर तुटल्या जागेपासून पुढे वाचता येतं. एसक्यूलाइटमध्ये ‘डेटा_व्हर्जन’ हा प्रॅग्मा दुसऱ्या जोडणीने बदल केला का ते सांगतो.

अनेक टेबलं, पुसलेल्या ओळींसह, दुसऱ्या सिस्टिमला पोचवायची असतील तर डेटाबेसचा लॉग वाचणारी लॉजिकल डिकोडिंग आणि त्यावर डेबेझियमसारखं साधन हा सरळ मार्ग. पोस्टग्रेसमध्ये ती ९.४ पासून आहे. तिचा रेप्लिकेशन स्लॉट (वाचक कुठपर्यंत पोचला याची सर्व्हरवरची खूण) वाचक बंद पडला तरी लॉग धरून ठेवतो आणि डिस्क भरत जाते, म्हणून ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ’ला मर्यादा घाला, मूळ सेटिंगमध्ये मर्यादाच नसते. बारा पडद्यांच्या दुकानाला याची गरज नाही.

पायरी ९: तोडून बघा

चालू करण्याआधी मुद्दाम बिघाड घडवा. पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायच्या साधनाच्या) दोन खिडक्या उघडा. पहिलीत ट्रान्झॅक्शन सुरू करून ऑर्डर घाला आणि कमिट न करता सोडा. दुसरीत ऑर्डर घालून कमिट करा. पडदा बघा. मग पहिली कमिट करा. दोन्ही ऑर्डरी पडद्यावर आल्याच पाहिजेत. आल्या नाहीत तर पायरी ३ कडे परत जा. नंतर ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ने ऐकणाऱ्याची जोडणी मारा, तो परत जोडला जाण्याआधी एक ऑर्डर घाला, आणि ती दिसते का पाहा. नेटवर्कची केबल काढून पाच मिनिटांनी लावा.

हे झालं की नोटिफायचा ट्रिगर एक पूर्ण दिवस बंद ठेवून दुकान चालू द्या. संध्याकाळी टेबलातल्या ऑर्डरी आणि पडद्यावर पोचलेल्या ऑर्डरी ताडून पाहा. उशीर जास्तीत जास्त अर्ध्या मिनिटाचा आणि संख्या तंतोतंत जुळली पाहिजे. एकही कमी भरली तर दोष पोलिंगमध्ये आहे. तो निघेपर्यंत ट्रिगर पुन्हा चालू करू नका.